एग्लीझ, एग्लुइस, इगर्ज : एका शब्दाचे कूळ आणि त्याचे लिंग

प्रश्न थोडक्यात असा : फ्रेंचमध्ये चर्चला ‘एग्लीझ’ म्हणतात आणि वेल्समधल्या पाट्यांवर ‘एग्लुइस’ दिसते. दोन्ही शब्द इतके जुळतात, तर वेल्श लोकांनी तो नॉर्मन फ्रेंचांकडून घेतला असे समजायचे का? मग इटालियन ‘क्येझा’ आणि रुमानियन ‘बिसेरिका’ कुठून आले? गोव्यातली ‘इगर्ज’ आणि हिंदीतले ‘गिरजाघर’ याच घराण्यातले का? आणि हा शब्द जिथे तिथे स्त्रीलिंगीच कसा?

आधी उत्तर सांगतो, कारणे मागून. वेल्श शब्द फ्रेंचमधून आलेला नाही. वेल्श आणि फ्रेंच या दोघींनीही तो लॅटिनकडून घेतला, पण स्वतंत्रपणे, आणि वेल्शने तो नॉर्मन इंग्लंडात उतरण्याच्या कितीतरी शतके आधी घेतला. क्येझा त्याच शब्दाचे रूप आहे, बिसेरिका नाही. इगर्ज आणि गिरजा ही दोन्ही पोर्तुगीजची देणगी. स्त्रीलिंगाचे उत्तर मात्र एका वाक्यात मावणारे नाही. मी रोमान्स (म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या) भाषा शिकवतो, वेल्श-आयरिश ज्यांत मोडतात त्या केल्टिक भाषांकडे नंतर वळलो. विद्यार्थी सर्वांत जास्त घसरतात ते याच जागी : दोन शब्द सारखे दिसले की एकाने दुसऱ्याकडून उचलला असे धरून चालायचे. दिसण्यावर जाऊ नका, स्वर तपासा.

मूळ शब्द ग्रीक, ‘एक्लेसिया’. अथेन्समध्ये नागरिकांची जी सभा प्निक्स टेकडीवर भरत असे तिचे हे नाव. ‘एक्’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. त्या धातूला ‘सिया’ हा प्रत्यय लागून क्रियेचे नाम तयार झाले आणि ग्रीकमध्ये अशी नामे स्त्रीलिंगी असतात. संस्कृतात ‘ति’ प्रत्ययाची गती, मती, स्तुती ही नामे स्त्रीलिंगी असतात, तसेच. लिंगाची गोष्ट इथून सुरू होते. पुढे हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात इस्रायली लोकांच्या मेळाव्यासाठी हाच शब्द योजला गेला आणि तिथून तो ख्रिस्ती मंडळींनी उचलला. म्हणजे आधी माणसे, इमारत नंतर. सभेला लॅटिनमध्ये स्वतःचे शब्द होते, तरी ख्रिस्ती लेखकांनी ग्रीक शब्दच ठेवला. इसवी सन २००च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनच्या लेखनात तो सर्रास येतो. रोमन सभेचा शब्द वापरला असता तर राजकारणाचा वास आला असता, हे मला तरी पटते.

आता वेल्श. ब्रिटन हा रोमन प्रांत होता. ३१४ साली दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) आर्ल येथे धर्मसभा भरली तेव्हा ब्रिटनमधून तीन बिशप गेले होते. म्हणजे चौथ्या शतकाच्या आरंभीच तिथे बिशप होते, आणि त्यांच्याबरोबर हा लॅटिन शब्दही. त्या काळी तिथल्या सामान्य लोकांची भाषा ब्रिटॉनिक होती, जिच्यातून पुढे वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन निघाल्या.

या लॅटिन शब्दावर वेल्शने काय संस्कार केले ते तिच्या इतर लॅटिन उसनवारीशी ताडून पाहा. लॅटिन दीर्घ ‘ए’चा वेल्शमध्ये ‘उइ’ होतो. ‘केरा’ म्हणजे मेण, वेल्शमध्ये ‘कुइर’. ‘रेते’ म्हणजे जाळे, वेल्शमध्ये ‘ऱ्हुइद’. ‘कान्देला’ म्हणजे मेणबत्ती, वेल्शमध्ये ‘कानुइल’ (शेवटचा ल वेल्शचा खास, जीभ टाळूला लावून कडेने फुंकर सोडायची). मग ‘एक्लेसिया’चे ‘एग्लुइस’ होणे हे याच ओळीतले. फ्रेंचची वाट वेगळी. तिथे ‘एसिया’ या शेवटाचा ‘ईझ’ झाला : चेरीच्या फळाला बोली लॅटिनमध्ये ‘केरेसिया’, त्याचे फ्रेंच ‘सरीझ’, तसेच ‘एक्लेसिया’चे ‘एग्लीझ’. वेल्श लोकांनी अकराव्या-बाराव्या शतकात नॉर्मनांच्या तोंडून शब्द उचलला असता तर त्यात ‘ई’ आला असता. ‘उइ’ यायला काही कारणच नव्हते.

राहिला तो ‘ग’. दोन्हीकडे क चा ग झाला आहे आणि त्यामुळेच हे शब्द जुळे वाटतात. पण दोन स्वरांच्या मध्ये किंवा स्वर आणि ल-र यांच्या मध्ये सापडलेले कठोर व्यंजन मृदू होणे हा बदल जगभरच्या भाषांत आढळतो. आपल्याकडे संस्कृत ‘शोक’ महाराष्ट्री प्राकृतात ‘सोअ’ झाला, वाटेत त्याचा ‘सोग’ होताच. वेल्शमध्ये ‘मेदिकुस’ या वैद्याच्या लॅटिन नावाचे ‘मेदिग’ झाले, ‘पोपुलुस’चे ‘पोब्ल’ झाले. त्या ‘पोपुलुस’चे फ्रेंच रूप ‘पप्ल’च्या जवळपास राहिले, प चा ब झाला नाही. म्हणजे वेल्शची सवय तिची स्वतःची आहे, फ्रेंचकडून शिकलेली नाही.

याच ‘ग’मध्ये आणखी एक बारकावा आहे आणि मला तो फार आवडतो. लॅटिनमध्ये हा शब्द दोन क लिहून, ‘एक्क्लेसिया’ असा लिहीत. पण लॅटिनमधल्या जोड-क चे वेल्शमध्ये ग होत नाही, घशातला ख होतो. ‘पेक्कातुम’ म्हणजे पाप, वेल्शमध्ये ‘पेखोद’. ‘सिक्कुस’ म्हणजे कोरडा, वेल्शमध्ये ‘सीख’. लिहिल्याप्रमाणे बोलत असते तर ‘एख्लुइस’ मिळाले असते. मिळाले ‘एग्लुइस’. म्हणजे ब्रिटनमधल्या लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी एकच क होता. पोथी एक सांगते आणि दूरच्या बेटावरची उसनवारी खरा उच्चार सांगते.

नॉर्मनांच्या आधीचा आणखी एक पुरावा जमिनीवर आहे. मँचेस्टरजवळ एकल्स नावाचे गाव आहे, नॉरफकमध्ये दुसरे आहे. ब्रिटॉनिक बोलणाऱ्यांच्या चर्चांची ही नावे तिथे स्थायिक झालेल्या इंग्रजांनी ऐकली आणि ग चा क करून ठेवली. दक्षिण स्कॉटलंडमधले एकलफेखन हे लेखक थॉमस कार्लाइलचे जन्मगाव, कार्लाइल १७९५ सालचे. त्या गावनावाचा एक अर्थ ‘छोटे चर्च’ असा लावतात, दुसरा ‘संत फेखनचे चर्च’ असा. पहिला अर्थ खरा असेल तर त्यात व्याकरणही शाबूत आहे, कारण ‘फेखन’ हे ‘छोटा’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप आहे आणि स्त्रीलिंगी नामापुढे आल्याने त्याचा आरंभीचा ब बदलून व झाला आहे. वेल्शमध्ये एकेरी एफ हे अक्षर व असेच वाचतात.

कॉर्निश ‘एग्लोस’ आणि ब्रेटन ‘इलिस’ या त्याच शब्दाच्या बहिणी. ब्रेटनने मधला ग पार गिळून टाकला. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला लानिलिस नावाचे गाव आहे, त्याच्या शेवटी हा शब्द बसलेला दिसेल.

आयरिशकडे तो कसा गेला? आयर्लंड रोमन साम्राज्यात कधीच नव्हते. तिथे ख्रिस्ती धर्म मुख्यतः ब्रिटनमधून पोचला. पाचव्या शतकातला संत पॅट्रिक स्वतः ब्रिटनमधलाच होता. जुन्या आयरिश हस्तलिखितांत हा शब्द क साठीचे अक्षर वापरून लिहिला आहे, पण वाचायचा ग. कारण आयरिश लोकांना लॅटिन वाचायला शिकवले ते ब्रिटनांनी, आणि ब्रिटन लोक स्वरानंतरचा क ‘ग’ असाच उच्चारत. ती सवय अख्ख्या जुन्या आयरिश लेखनपद्धतीत शिरली. आज तो ग हे अक्षर घालूनच लिहितात आणि उच्चार ‘आग्लश’च्या जवळचा आहे.

आयरिशमध्ये चर्चसाठी एक शब्द नाही, थर आहेत. सर्वांत जुन्या थरात ‘डोनाख’ आहे, लॅटिन ‘दोमिनिकुम’ म्हणजे ‘प्रभूचे’ यापासून आलेला. डोनामोर ही गावनावे त्याची. ‘केल्ला’ म्हणजे खोली, तिचे ‘किल’ झाले; किल्डेअर, किल्केनी यांतला किल तो हाच. या ‘किल’मध्येही गंमत आहे. जुन्या आयरिशमध्ये प्रथमेचे रूप ‘केल’ होते, ‘किल’ हे ‘-ला, -त’ या अर्थाच्या विभक्तीचे रूप. गावाचे नाव माणूस बहुतेक वेळा ‘अमुक ठिकाणी’, ‘अमुक गावाला’ असेच घेतो, त्यामुळे तेच रूप टिकले आणि मूळ प्रथमा मागे पडली. ‘तेम्प्लुम’चे ‘चाम्पल’ झाले. आणि सर्वांत अलीकडचे ‘शेपेल’, फ्रेंच ‘शापेल’चे भावंड. आजच्या वापरात ‘आग्लश’ ही प्रामुख्याने संस्था, ‘शेपेल’ म्हणजे बहुधा कॅथलिकांची वास्तू आणि ‘चाम्पल’ पुष्कळदा प्रोटेस्टंटांची. वेल्समध्ये अशीच वाटणी दुसऱ्या रेषेवर झाली : ‘एग्लुइस’ म्हणजे अँग्लिकन, ‘कापेल’ म्हणजे त्या पंथातून बाहेर पडलेल्यांचे.

आता व्याकरण. मराठीत विभक्ती लागताना शब्दाची शेपटी बदलते, घोडा-घोड्याला. केल्टिक भाषांत शब्दाचे डोके बदलते, आणि ते लिंगावर अवलंबून असते. त्यामुळे या भाषांत लिंग नुसते पाठ करून भागत नाही, ते तोंडात बसावे लागते. वेल्शमध्ये ‘मोठा’ म्हणजे ‘माउर’, पण ‘मोठे चर्च’ म्हणजे ‘एग्लुइस वाउर’. नाम स्त्रीलिंगी असल्याने म चा व झाला. ‘कापेल’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘कापेल माउर’. दोन चर्च म्हणताना आकडासुद्धा स्त्रीलिंगी : ‘दुइ एग्लुइस’, पण ‘दाय गापेल’. (दोन्हीनंतर डोके नरम होते, म्हणून कापेलचे गापेल.) ‘त्याचे चर्च’ आणि ‘तिचे चर्च’ यांत ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ हे शब्द एकच, ‘इ’, फरक असा की ‘तिचे’ म्हणताना पुढच्या स्वराला ह चिकटतो : ‘इ एग्लुइस’ आणि ‘इ हेग्लुइस’. वेल्समधल्या अँग्लिकन संस्थेचे १९२० पासूनचे अधिकृत नाव ‘वेल्समधील चर्च’ असे आहे, त्यात ‘वेल्स’चा मूळ ‘कम्री’ अनुनासिक होऊन ‘ङ्हम्री’ होतो. कोशात क खाली शोधायचा शब्द पाटीवर ङ ने सुरू झालेला पाहून नवशिके हबकतात ते यामुळे.

आयरिशमध्ये ‘चर्चचे दार’ म्हणजे ‘डोरस न हाग्लशे’. षष्ठीतले स्त्रीलिंगी उपपद (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) ‘न’ आले आणि त्याने पुढच्या स्वराला ह लावला. ‘मोठे चर्च’ म्हणताना ‘आग्लश’नंतरच्या ‘मोर’चे ‘वोर’ होते, पण पुल्लिंगी ‘चाम्पल’नंतर ‘मोर’ तसेच राहते. म्हणून डोनामोर, टेम्पलमोर या गावनावांत म शाबूत दिसतो. उलट स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कचे गेलिक नाव ‘ठिपक्यांचे चर्च’ या अर्थाचे आहे आणि त्यात ‘ब्रेक’चा ‘व्रेक’ झालेला आहे. गावाच्या नावावरून नामाचे लिंग ओळखता यावे, ही सोय सगळ्या भाषांत नसते.

रोमान्स भाषांकडे येऊ. तिथे लिंग शब्दाच्या डोक्यावर वेगळ्याच मार्गाने उठले. या भाषांत नामाआधी उपपद येते, स्त्रीलिंगी ‘ला’. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दोन स्वर एकमेकांत मिसळतात. ऐकणाऱ्याला ‘लेक्लेसिया’ ऐकू आले. त्याने तोडले ‘ला क्लेसिया’ असे. आरंभीचा ए उपपदाच्या खात्यात गेला. पुढे इटालियनमध्ये ‘क्ल’चा ‘क्य’ होतो (‘क्लावे’ म्हणजे किल्ली, इटालियन ‘क्यावे’), म्हणून ‘क्येझा’. हे एकट्या याच शब्दाचे झाले नाही. ‘अपोथेका’चे ‘बोत्तेगा’ झाले, म्हणजे दुकान. मठासाठीच्या ‘अब्बात्सिया’चे ‘बादीया’ हे रूप झाले. तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत हा योगायोग नव्हे. स्वरान्त ‘ला’ नसता तर स्वर हरवायला वाटच नव्हती. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितानमध्ये ‘ग्लेइझा’, इटलीच्या ईशान्येला फ्रिउलीत ‘ग्लेझिये’, सार्डिनियाच्या दक्षिणेत ‘क्रेझिया’. सगळ्यांचे डोके उडाले. केल्टिक भाषांत तसे झाले नाही, कारण तिथले उपपद व्यंजनान्त आहे : वेल्श ‘अर एग्लुइस’, आयरिश ‘अन आग्लश’, ब्रेटन ‘अन इलिस’. खाऊन टाकायला शेजारी स्वरच नाही. अर्थात हा कल आहे, नियम नव्हे. फ्रेंच आणि कॅटलन याच परिस्थितीत होत्या, तरी त्यांनी ए राखला.

स्पॅनिशने ‘इग्लेसिया’ असा अर्धतत्सम अवतार ठेवला. दर रविवारी पाद्रीच्या तोंडून शब्द कानावर पडतो म्हटल्यावर तो सामान्य शब्दांइतका झिजत नाही. फ्रेंचमध्ये तर तद्भव आणि तत्सम शेजारी नांदतात : नाम ‘एग्लीझ’ झिजलेले, पण त्याचे विशेषण ‘एक्लेझिआस्तीक’ पोथीतून उचललेले, म्हणून त्यातला क शाबूत. मराठीत ‘हात’ आणि ‘हस्ताक्षर’ नांदतात तसे.

पोर्तुगीज मात्र जवळजवळ पूर्ण तद्भव. ‘सिया’सारख्या शेवटाचा तिथे ‘झ’ होतो, फ्रेंच ‘ज’सारखा मऊ. ‘कासेउस’ म्हणजे चीज, त्याचे ‘केइझु’. ‘बासिउम’ म्हणजे चुंबन, त्याचे ‘बेइझु’. आणि ‘एक्लेसिया’चे आधी ‘एइग्रेझा’, मग ‘इग्रेझा’. ल चा र होणे हीसुद्धा पोर्तुगीज खोड : ‘प्लाकेरे’चे ‘प्राझेर’, ‘क्लावु’चे ‘क्रावु’. आणि स्वर गमावलेले रूपही त्या भूमीवर आहे. पोर्तोच्या दक्षिणेला ग्रिझो नावाचे गाव आहे, ते ‘छोटे चर्च’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे. पुढचा मुद्दा येईल तेव्हा हे गाव लक्षात असू द्या.

‘बिसेरिका’ वेगळ्या शब्दाचे अपत्य, ‘बासिलिका’चे. हे मूळचे विशेषण. ग्रीकमध्ये ‘राजाचा मंडप’ म्हणताना मंडप स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. पुढे मंडप गळाला, विशेषणच नाम झाले. ३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली, मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या आणि हा शब्द चर्चच्या इमारतीला चिकटला. रुमानियनमध्ये दोन स्वरांमधल्या ल चा र होतो (‘सोलेम’चे ‘सोआरे’, म्हणजे सूर्य), म्हणून बिसेरिका. तिथले निश्चित उपपद नामाच्या शेवटी लागते : ‘एक चर्च’ म्हणताना शेवट आखूड अ चा, ‘ते चर्च’ म्हणताना दीर्घ आ चा. स्वित्झर्लंडच्या रोमान्शमध्ये ‘बासेल्जा’ आहे, इटलीच्या त्रेंतिनो भागात बासेल्गा नावाची गावे आहेत आणि उत्तर फ्रान्समधली बाझोश ही गावनावे याच शब्दाची. म्हणजे एके काळी त्याचा पसारा आजच्याहून मोठा होता. यावरून कोणत्या प्रदेशात ख्रिस्ती धर्म कधी रुजला याचे तक्ते काढणारे आहेत. एकट्या शब्दावर एवढा इमला रचू नये, असे माझे मत.

आता आपल्या किनाऱ्यावर. ‘इग्रेझा’ कोकणीत ‘इगर्ज’ झाला. शेवटचा आ गळाला, जसा ‘फिता’चा मराठीत ‘फीत’ होताना गळाला. आणि र ने जागा बदलली. लिंग स्त्रीलिंगीच राहिले. गोव्यात इगर्ज म्हणजे मुख्य चर्च आणि लहान प्रार्थनामंदिर म्हणजे ‘कोपेल’. हा ‘कोपेल’ वेल्श ‘कापेल’चा आणि आयरिश ‘शेपेल’चा सख्खा नातलग, तिन्ही ‘कापेल्ला’ या लॅटिन स्त्रीलिंगी शब्दाची रूपे, पण वेल्शमध्ये आणि आयरिशमध्ये तो पुल्लिंगी झाला. म्हणजे उसन्या शब्दाबरोबर लिंगही जसेच्या तसे पोचतेच असे नाही, आणि ‘एक्लेसिया’चे दीड हजार वर्षे टिकलेले स्त्रीलिंग गृहीत धरण्याजोगे नव्हते.

उत्तरेत शब्द ‘गिरजा’ होऊन पोचला. बंगालीत ‘गिर्जा’, मलयमध्ये ‘गेरेजा’. डोक्यावरचा इ इथेही उडाला आहे, ग्रिझो गावासारखा. ‘ग्र’ फोडून मध्ये स्वर घालणे ही तर आपली जुनी सवय, ग्राहकाचे गिऱ्हाईक आपणच केले. आशियाई भाषांत पसरलेल्या पोर्तुगीज शब्दांची पद्धतशीर मोजदाद गोव्यात आसगावला जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली केली. या शब्दाचा माग काढायचा तर सुरुवात तिथून करावी. पार्वतीच्या गिरिजा या नावाशी त्याचा काही संबंध नाही, ऐकायला कितीही जवळचे वाटले तरी.

हिंदीत मात्र स्त्रीलिंग सुटले. आकारान्त, परका आणि वास्तूचे नाव, म्हणून ‘गिरजा’ पुल्लिंगी झाला, ‘पुराना गिरजा’. मराठीने हा शब्द न घेता इंग्रजी ‘चर्च’ घेतला. तो ‘प्रभूचे’ या अर्थाच्या ग्रीक नपुंसकलिंगी विशेषणापासून आला आहे. इंग्रजीत नामांना आता लिंग उरलेले नाही, त्यामुळे ते ग्रीक लिंग आपल्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मराठीत आपण ‘जुने चर्च’ म्हणतो, कारण देऊळ आणि मंदिर आधीपासून नपुंसकलिंगी होते आणि नवा शब्द त्यांच्या पंगतीत बसला.